गल्लीतली जुनी परमिट रूम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुम्ही नक्की कुठल्या बारबद्दल बोलताय?

कोपऱ्यावरच्या. बाहेर ‘रेस्टॉरंट अँड बार, परमिट रूम’ अशी पाटी, त्यातली दोन अक्षरं उडालेली, काळ्या काचेचं दार, आत भिंतीला लावलेले पंखे, सनमायकाची टेबलं, फाटलेल्या रेक्झिनला चिकटपट्टी लावलेला सोफा, गल्ल्याच्या वर हार घातलेला देवाचा फोटो आणि संध्याकाळची अगरबत्ती. पब नाही, लाउंज नाही, रूफटॉप तर नाहीच नाही. गिरगाव, लालबाग, परळ, दादर, माहीम, भांडुप, ठाणे, डोंबिवली, कुठेही स्टेशनपासून पाच-सात मिनिटं चालत गेलात की एकतरी दिसतोच. मी मुंबईबद्दलच जास्त बोलणार कारण मला मुंबईच माहितीये, पण पुण्या-नाशकातली, कोल्हापुरातली माणसं वाचतील तर त्यांनाही आपापला कोपरा आठवेल.

परमिट रूम का म्हणतात? खरंच परमिट लागतं का?

हो, कागदावर आजही लागतं. मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला आणि एप्रिल १९५० पासून सगळीकडे पूर्ण बंदी आली, मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते. ज्याला तब्येतीच्या कारणासाठी दारू हवी त्याने सरकारकडून परमिट काढायचं, अशी सोय होती. पुढे १९६० च्या दशकात, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, बंदी बरीच सैल झाली आणि परमिटवाल्यांना बसून प्यायची जागा म्हणून या खोल्या आल्या. गंमत अशी की तो कायदा कधी रद्द झालाच नाही, महाराष्ट्रात दारूचा सगळा व्यवहार आजही त्याच दारूबंदी कायद्याखाली चालतो. बारचं लायसन ‘एफएल थ्री’, एफएल म्हणजे फॉरेन लिकर. पिणाऱ्याचं परमिट एक दिवसाचं ५ रुपये, वर्षाचं १०० आणि आजन्म १००० रुपये. टेबलावर कोणी येऊन विचारत नाही हे खरं, पण मी सांगेन आजन्मवालं काढून ठेवा, एकदाच काढायचं आणि विषय संपला.

वयाची अट?

महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१, बाकी कडक मालाला २५. गोव्यात २१. जुन्या बारमधला वेटर चेहरा बघून ओळखतो आणि नाही म्हणतो, तेव्हा त्याच्याशी वाद घालू नका, बारचं लायसन जातं.

बंदी होती तेव्हा लोक काय करायचे?

आंटीकडे जायचे. बांद्रा, माहीम, माझगाव, धोबीतलाव या भागांत गोवन आणि ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्याच मूळच्या, ख्रिस्ती बायका घरातल्याच पुढच्या खोलीत चार बाकडी टाकून हातभट्टीची द्यायच्या, माप नवटाक, सोबत उकडलेलं अंडं नाहीतर चणे. बऱ्याच जणी विधवा, घर चालवायला दुसरा मार्ग नव्हता, आणि शिस्त एवढी की जास्त झालेल्याला आंटी स्वतः दार दाखवायची. मला वाटतं आजच्या परमिट रूमच्या वातावरणात त्या आंटीच्या खोलीचं बरंच काही उतरलंय, म्हणजे घरगुतीपणा आणि धाक दोन्ही एकत्र. पण म्हणून आज हातभट्टी शोधत कुठे जाऊ नका. मालाडच्या मालवणीत २०१५ च्या जूनमध्ये विषारी दारूने शंभराच्या वर माणसं गेली, त्यातली बहुतेक रोजंदारीवरची होती. तो प्रकार आणि आपण बोलतोय तो बार, यांचा काही संबंध नाही.

पण एवढं आहे काय त्यात? दिवे मंद, भिंती पिवळ्या, एसी असला तर गळतोय...

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मुंबईतलं घर डोळ्यासमोर आणा. चाळीतली दहा बाय बाराची खोली, त्यात सहा-सात माणसं, गिरणगावात तर एकेका गाळ्यात पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपायचे, एक कामावर गेला की त्याच्या जागेवर दुसरा आडवा. आज वन रूम किचन झालं असेल पण माणसं तेवढीच, वर टीव्ही, मुलांचा अभ्यास, लोकलमध्ये तर उभं राहायला जागा नाही. अशा शहरात माणसाला एकटं बसायला जागा कुठेय? देवळात बसता येतं, पण पुजारी दार लावतो. बागेत बसता येतं, पण वॉचमन साडेनऊला शिट्टी मारतो. कोपऱ्यावरच्या बारमध्ये एक टेबल मिळतं, पंख्याखाली, आणि तासभर कोणी तुम्हाला काही विचारत नाही. तुम्ही कोण, किती कमावता, मुलीच्या लग्नाचं काय झालं, काही नाही. मला वाटतं जुन्या बारची सगळी जादू या एका गोष्टीत आहे, दारू ही त्या टेबलाचं भाडं आहे असं म्हणा.

आणि तरी तुम्ही तिथे एकटे नसता, हे त्यातलं खरं सुख. एक म्हातारे गृहस्थ मी अनेकदा बघितलेत, सात-सव्वासातला येतात, हातात दुपारचं वर्तमानपत्र, भिंतीकडचं ठरलेलं टेबल. ते बसायच्या आत वेटर ग्लास, क्वार्टर आणि साध्या पाण्याची बाटली ठेवून जातो, काकडीची प्लेट येते तीही बिनमिठाची कारण त्यांना बीपी आहे आणि हे वेटरला माहितीये. दोघांत एक शब्द होत नाही. ते पेपर चार घड्या घालून शब्दकोडं वर येईल असा ठेवतात, शर्टाच्या खिशातलं पेन काढतात, ग्लासात पाणी अगदी काठाच्या एक बोट खालपर्यंत भरतात आणि मग पहिला घोट. कधी कोड्यात अडले तर मान वर न करता मोठ्याने विचारतात, ‘चार अक्षरी नदी, शेवटी ती’, आणि तीन टेबलांवरून तीन उत्तरं येतात. ‘गोमती’वर तर एकदा चांगलीच चर्चा झाली कारण कुणीतरी म्हणालं अक्षरं तीनच होतात, मग कुणीतरी ‘साबरमती’ म्हणालं तर ती पाच झाली, शेवटी कॅश काउंटरवरचा माणूस म्हणाला ‘शरावती’ आणि कोडं सुटलं. अशी ओळख, जिच्यात नाव-गाव काही माहीत नसतं पण बिनमिठाची काकडी माहीत असते, ती मला दुसरीकडे कुठे सापडत नाही.

कधी जावं?

गर्दी आणि आवाज आवडत असेल तर शनिवारी रात्री नऊनंतर. मला विचाराल तर आडवारी, संध्याकाळी सहा ते साडेसात. टेबलं नुकतीच पुसलेली असतात, अगरबत्ती लागलेली असते, बर्फ ताजा आलेला असतो, वेटर निवांत असतात आणि रोजचे लोक एकेक करून यायला लागतात, ते येणं बघण्यासारखं असतं. पावसाळ्यात तर विचारूच नका, बाहेर गुडघाभर पाणी, गाड्या बंद, आणि आत सगळे अडकलेले, त्या दिवशी टेबलं आपोआप जोडली जातात. दुपारी पण काही बार उघडे असतात, रात्रपाळी करून सुटलेली मंडळी तेव्हा जेवायला येतात, त्यांच्यासाठी ती रात्रच असते.

आत गेल्यावर मागवायचं काय? मला मापं कळत नाहीत.

सोपं आहे. स्मॉल म्हणजे ३० एमएल, लार्ज म्हणजे ६०, नाइंटी म्हणजे ९०, क्वार्टर १८०, हाफ म्हणजे अद्धा ३७५ आणि खंबा ७५०. पेग माप्यात मोजून आणतात. ‘क्वार्टर सिस्टिम’ची पाटी असेल तर सीलबंद बाटलीच टेबलावर येते. वेटर लेबल तुमच्याकडे करून दाखवतो, तुम्ही मान हलवली की समोरच बूच पिळतो, सील तुटल्याचा तो बारीक कट् आवाज येतो आणि मगच ओततो. हा छोटा विधी मला फार आवडतो, कारण त्यात ‘तुमच्याशी लबाडी नाही’ हे न बोलता सांगितलेलं असतं.

ब्रँडचं म्हणाल तर इथे कॉकटेल मागू नका. ओल्ड मंक आणि थम्सअप, व्हिस्की आणि सोडा-पाणी अर्धं-अर्धं, नाहीतर थंड बिअर. ओल्ड मंक १९५४ पासून बाजारात आहे आणि या टेबलांवर ती कधी जुनी झाली नाही.

चखण्याबद्दल सांगा ना.

आनंदाने. बसल्याबसल्या एक छोटी स्टीलची प्लेट फुकट येते, उकडलेले चणे नाहीतर चणाडाळ, वर बारीक कांदा आणि लिंबू पिळलेलं, कुठे तळलेल्या नळ्या-पापड्या. ही प्लेट संपली की दुसरी मागायला लाजू नका, लोक मागतात. मग विकतचं. मसाला शेंगदाणे, मसाला पापड, काकडी-गाजर मीठ-मिरपूड लावून, उकडलेलं अंडं मधोमध कापून वर तिखट. मालक मंगळूर-उडपीकडचा असेल, आणि बरेच बार शेट्टी मंडळींचेच आहेत, तर तिथे चिकन सुका नाहीतर घी रोस्ट बघा. मालवणी असेल तर बोंबील फ्राय आणि सुरमईची तुकडी, बोंबील रव्यात घोळलेला, बाहेरून कुरकुरीत आणि आत लोण्यासारखा, तो गरम असतानाच संपवायचा, गप्पा नंतर. चायनीजचं पान प्रत्येक मेनूत असतं, त्यातलं चिकन चिली ड्राय आणि लॉलीपॉप बहुतेक ठिकाणी चांगलंच मिळतं. आणि शेवटी जेवायचं असेल तर भुर्जी-पाव किंवा दालफ्राय-जिरा राइस, पोटाला बरं पडतं.

एक खूण सांगतो, ज्या बारमध्ये फुकटचा चखणा ताजा असतो तिथलं किचनही चांगलं असतं. चणे आंबूस लागले तर मासे मागवू नका.

एसी घ्यावा की नॉन-एसी?

नॉन-एसी. पोटमाळ्यावरच्या किंवा आतल्या एसी खोलीत त्याच पेगचे जास्त पैसे लागतात आणि खरी माणसं खाली बसतात.

वेटरशी कसं वागायचं?

जसं घरी आलेल्या मोठ्या माणसाशी वागाल तसं. चुटकी वाजवायची नाही, ‘ए’ करायचं नाही. वयस्कर असतील तर अण्णा, काका, दादा, जे तोंडात येईल ते, पण आदराने. यांच्यातले कितीतरी जण पोरवयात गावाहून आले, आधी उडपी-मंगळूर, आता झारखंड, ओडिशा, नेपाळ, आणि याच हॉटेलच्या माळ्यावर झोपून यांनी गावाकडे घरं बांधली, बहिणींची लग्नं केली. रात्री दीडला शटर ओढल्यावर टेबलं उलटी करून फरशी धुवायची असते त्यांना, हे लक्षात ठेवलंत की शेवटची ऑर्डर झाल्यावर ‘अजून एक’ म्हणायचं मन होत नाही. बिल बडीशेपच्या बशीत येतं, टिप त्याच बशीत ठेवायची, दहा टक्के तरी.

बायकांनी जावं का?

कायद्याने काही अडचण नाही, वयाची अट तीच. खरी परिस्थिती बारप्रमाणे बदलते. काही ठिकाणी ‘फॅमिली सेक्शन’ असतो आणि तिथे कॉलेजच्या, ऑफिसच्या मुली आरामात बसलेल्या दिसतात, कुलाब्याला ताजच्या मागच्या गल्लीतल्या गोकुळमध्ये तर वर्षानुवर्षं विद्यार्थी, ऑफिसवाले, परदेशी पाहुणे सगळे बसतायत. काही ठिकाणी आत शिरल्यावर सगळ्या माना वळतात आणि पहिली दहा मिनिटं अवघड जातात, वेटर मात्र बहुतेक वेळा काळजी घेतो, भिंतीकडचं किंवा काउंटरजवळचं टेबल देतो. पहिल्यांदा दोघी-तिघी मिळून संध्याकाळी लवकर जा, स्वच्छतागृह कसं आहे ते आधी विचारा, कारण बऱ्याच जागी बायकांसाठी वेगळं नाहीच.

आणि वर मी जे लिहिलं, की घरात एकटं बसायला जागा नसते, ते बायकांना पुरुषांपेक्षा दसपट लागू आहे. पुरुषाला निदान कोपऱ्यावरचं टेबल मिळालं, त्याच खोलीत राहणाऱ्या बाईला ते कधीच मिळालं नाही. म्हणून एखादी बाई एकटी येऊन शांतपणे बिअर घेत बसली तर तिच्याकडे बघत बसू नका. एवढं केलंत तरी खूप झालं.

मी पीत नाही. आलो तर चालेल?

चालेल की. फ्रेश लाइम सोडा आणि बोंबील मागवा. कोणी आग्रह करणार नाही, आणि केला तर तो रोजचा माणूस नाही असं समजा.

डान्स बार, लेडीज बार आणि हे एकच का?

नाही. डान्स बारवर राज्याने २००५ मध्ये बंदी घातली, नंतर कोर्टात बरंच काही झालं, तो वेगळा धंदा आणि वेगळा प्रश्न. आपल्या बारमध्ये करमणूक म्हणजे म्यूट केलेली क्रिकेट मॅच आणि बारीक आवाजातली जुनी हिंदी गाणी.

गोव्यात असं काही आहे का?

गोव्यात तर याची थोरली भावंडं आहेत. तिथे कायदा वेगळा, परमिट वगैरे भानगड नाही, आणि गावागावात छोटी तावेर्न, कुठे कुठे तर पुढे किराणा आणि मागे बार. पणजीत फोंताइन्हास-सांतोमेच्या गल्ल्यांत जोसेफ बार म्हणून आहे, खोली एवढीशी की आत थोडी माणसं झाली की बाकीचे ग्लास घेऊन रस्त्यावरच उभे राहतात. मार्च ते मे या दिवसांत गेलात तर हुर्राक मागा, म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसाचं पहिलं ऊर्ध्वपातन, हलकं असतं, लिम्का, मीठ, लिंबू आणि चिरलेली हिरवी मिरची घालून देतात. पुन्हा गाळलं की काजू फेणी, ती चांगली कडक, साधारण ४२ टक्क्यांच्या पुढे. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. हुर्राक टिकत नाही म्हणून ते दुसरीकडे सहसा मिळत नाही, त्यासाठी तिथेच जावं लागतं आणि जावंच.

बार बंद कधी असतो?

२६ जानेवारी, ३० जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी, कार्तिकी, अनंत चतुर्दशी, आणि मतदान संपण्याआधीचे ४८ तास. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर कायमच बंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ला लागू झालेली २०२१ मध्ये उठली.

गाडी घेऊन गेलो तर?

नका घेऊन जाऊ. रक्तात १०० एमएलला ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की गुन्हा, पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शेजारचा बार चालत जायच्या अंतरावर असतो, म्हणून तर तो शेजारचा.

आमच्या इथला बंद झाला. हे असे बार कमी का होतायत?

सगळ्यात मोठं कारण जागा. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातले कितीतरी जण परत कधी गिरणीत गेलेच नाहीत. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर आले, चाळी रिडेव्हलपमेंटला गेल्या, आणि तळमजल्यावरचा पागडीचा गाळा ज्याच्या जिवावर बार चालायचा तोच गेला. नव्या बिल्डिंगमधल्या सोसायटीला खाली बार नको असतो. मालकाची पुढची पिढी शिकून दुसरीकडे गेलेली, तिला रात्री दीडपर्यंत गल्ल्यावर बसायचं नाही, आणि यात त्यांची काही चूक नाही.

दुसरं कारण कर. राज्याने परमिट रूमवरचा व्हॅट ५ वरून १० टक्के केला, मग जून २०२५ मध्ये देशी बनावटीच्या विदेशी दारूवरचं उत्पादन शुल्क उत्पादनखर्चाच्या तिप्पट होतं ते साडेचारपट केलं. १४ जुलै २०२५ ला राज्यभरच्या बारमालकांनी त्याविरुद्ध बंद पाळला. मोठ्या पबला याचं विशेष काही वाटत नाही, तिथलं गिऱ्हाईक बिल न बघता कार्ड देतं. इथला माणूस मात्र खिशातल्या नोटा मोजून आत येतो. त्याला परवडेनासं झालं की तो वाइन शॉपमधून क्वार्टर घेतो आणि आडोशाला उभ्याउभ्या संपवतो. यात सरकारला महसूल मिळत असेल, पण त्या माणसाचं टेबल गेलं, शब्दकोडं गेलं, आणि जास्त झाली तर ‘आता पुरे, घरी जा’ म्हणणारा वेटर पण गेला. मला याचं खरंच वाईट वाटतं.

फोटो, रील काढले तर चालतील?

चखण्याचे काढा, भिंतीचे काढा, माणसांचे नको. कोणी ऑफिसातून उशीर होतोय सांगून आलेला असतो, कोणी नुसताच दुःखात असतो.

चांगल्या बारची यादी द्या ना प्लीज.

यादी नाही देणार, कारण जिथे वीस टेबलांचा बार आहे तिथे रील बघून दोनशे जण आले की रोजच्या माणसाला बसायला जागा उरत नाही आणि पुढच्या वर्षी भाव वाढलेले असतात. स्वतः शोधा, अवघड नाही. तुमच्या स्टेशनबाहेरच्या पानवाल्याला विचारा, किंवा बँकेतून, प्रेसमधून, पोस्टातून रिटायर झालेल्या कुणाही काकांना विचारा. दारात उभं राहून आत बघा, एकेकटे बसलेले चार-पाच जण दिसले, वेटर केस पिकलेला असला आणि गाण्याचा आवाज बोलण्याच्या वर नसला की आत शिरा. पहिल्या दिवशी कोपऱ्यातलं टेबल रिकामं दिसलं तरी आधी वेटरला विचारा ते कुणाचं आहे का, सातनंतर त्यावर कोणीतरी येणार असतं.